कॉम्प्युटर आतल्या खोलीत, स्पीकर हॉलमध्ये: वायरीविना हाय-रेस संगीताबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला इंदिरानगरात राहतो. आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्यात वीसेक वर्षांत जमवलेलं सगळं गाणं, हॉलमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर, मधे स्वयंपाकघर. हॉलभर वायर ओढू देणार नाही, असा घरातला ठराव झाल्यावर वायफायच्या मागे लागलो. पुढे ओळखीपाळखीच्यांकडेही हीच व्यवस्था लावून देऊ लागलो. पैसे घेत नाही, चहा घेतो. मात्र नंतर येणारे फोन तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे.

हाय-रेस म्हणजे नेमकं काय?

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. याहून जास्त नमुने किंवा जास्त बिट असले की त्याला हाय-रेस म्हणायची पद्धत आहे. बाजारात सर्रास भेटतात ते दोन आकडे: २४ बिट ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झ. बोलताना आम्ही नुसतं 'चोवीस-शहाण्णव' म्हणतो.

नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पकडता येतात. म्हणजे सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंत पोचते, आणि माणसाचा कान ऐन तारुण्यात २० पर्यंत. साठीतला कान याच्या बराच अलीकडे थांबतो. बिट वाढले की सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर वाढतं: १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटला कागदावर १४४.

मग फरक ऐकू येतो का?

खरं सांगू? त्याच मास्टरवरून, म्हणजे स्टुडिओतल्या मूळ अंतिम रेकॉर्डिंगवरून, काढलेली सीडीची फाईल आणि चोवीस-शहाण्णव, दोन्ही एकाच आवाजात, डोळे बांधून ऐकवल्या तर मला खात्रीने ओळखता येत नाहीत. रेकॉर्डिंग कोणी कसं केलं, माइक कुठे होता, नंतर आवाज दाबून किती मोठा केला, हे मात्र पहिल्या मिनिटात कळतं. हाय-रेस आवृत्त्या पुष्कळदा काळजीपूर्वक काढलेल्या असतात आणि त्या चांगल्या वाटण्याचं कारण तिथे असतं. तरीही मी हाय-रेसची व्यवस्था लावतो, कारण जी फाईल आहे ती जशीच्या तशी पोचावी एवढाच माझा हट्ट आहे. मधल्या वाटेत कोणी काटछाट करू नये.

इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्यावा लागेल?

नाही. फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर, स्पीकर तुमच्या हॉलमध्ये. बाहेरची केबल तुटलेली असली तरी राउटर चालू आहे तोवर गाणं वाजतं.

घरातल्या वायफायला किती वेग लागतो?

सीडीच्या दर्जाला सेकंदाला १.४ मेगाबिट, चोवीस-शहाण्णवला ४.६ आणि चोवीस-एकशेब्याण्णवला ९.२. हे न दाबलेल्या फाईलचे आकडे. फ्लॅक नावाच्या फाईलच्या प्रकारात एकही बिट न गमावता हे साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांशावर येतं. घरातलं साधं वायफायही इतकं सहज वाहून नेतं. तरीही गाणं तुटतं. त्याचं कारण पुढे येतंय.

ब्लूटूथ आहे की! मग हा सगळा उपद्व्याप कशाला?

हा प्रश्न दर महिन्याला येतो. ब्लूटूथवरून गाणं जाताना ते आधी दाबलं जातं आणि दाबताना काही भाग कायमचा टाकून दिला जातो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास जातात. एपीटीएक्स एचडीत ५७६. सोनीच्या एलडॅकमध्ये ९९०, तेही अंतर कमी आणि आजूबाजूला गोंगाट नसेल तर. नाहीतर ते आपणहून ६६० किंवा ३३० वर उतरतं. वरचे आकडे आठवा: नुसत्या सीडीलाच १,४११ किलोबिट लागतात. म्हणजे चोवीस-शहाण्णवची फाईल निवडून ती ब्लूटूथने पाठवणं म्हणजे हापूसची पेटी आणून त्याचा आमरस पावडरीचा करून पिणं.

मी स्वतः यात फसलो आहे. 'हाय-रेस' असा सोनेरी स्टिकर लावलेला एक ब्लूटूथ रिसिव्हर दुकानदाराच्या शब्दावर घेतला. घरी येऊन पाहतो तर त्याला एलडॅक येत होतं, पण माझ्या कॉम्प्युटरच्या ब्लूटूथला येत नव्हतं. दोन्ही टोकांना एकच भाषा येत नसेल तर बोलणं एसबीसीवर येऊन थांबतं. दुकानदार म्हणाला, डबा तर बरोबर आहे ना! तो रिसिव्हर आता गॅलरीतल्या छोट्या स्पीकरला लावलाय. सकाळी रेडिओसारखा ऐकायला छान आहे.

वायफायवर कोणकोणते मार्ग आहेत?

एअरप्ले: घरात सगळं अ‍ॅपलचं असेल तर सोपा, पण मूळ एअरप्ले सीडीच्या दर्जाला, म्हणजे १६ बिट ४४.१ ला थांबतो. न गमावता पोचवतो, हे त्याचं कौतुक.

क्रोमकास्ट ऑडिओ नावाची गुगलची चकती २०१५ मध्ये आली. चोवीस-शहाण्णवपर्यंत वाजवायची, किंमतही बेताची. २०१९ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन बंद झालं. कुणी जुनी विकत असेल तर मोडीत काढू नका.

यूपीएनपी किंवा डीएलएनए: घरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायच्या या ठरलेल्या पद्धती. यात तीन पात्रं असतात. कॉम्प्युटरवर फाईली पुरवणारा सर्व्हर, हॉलमध्ये वाजवणारा प्लेअर आणि हातात हुकूम देणारा फोन. गाणं फोनमधून जात नाही, फोन फक्त 'हे लाव' म्हणतो. हे नीट समजून घ्या, कारण 'फोन खिशात घेऊन खाली गेलो तर गाणं बंद पडेल का' असा प्रश्न इथूनच निघतो. नाही पडत. सर्व्हरसाठी मिनिमसर्व्हर चांगला, शास्त्रीय संगीताच्या वर्गवारीला तर फारच.

माझ्या घरी मात्र लिरियन म्युझिक सर्व्हर आहे. हा मूळचा स्लिम डिव्हायसेस कंपनीच्या स्क्वीझबॉक्स नावाच्या नेटवर्क प्लेअरचा सर्व्हर. लॉजिटेकने ती कंपनी २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स बंद केले, पण सर्व्हरचा कोड खुला असल्यामुळे हौशी मंडळींनी तो जिवंत ठेवला आणि पुढे नवं नाव दिलं. कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यापुढे (आयपी अ‍ॅड्रेस) ९००० हा पोर्ट टाकला की ब्राउझरमध्ये सगळा संग्रह उघडतो. फुकट आहे, दिसायला जुनाट आहे आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो.

कॉम्प्युटरही वायफायवर, प्लेअरही वायफायवर. चालेल ना?

चालेल, पण एक टोक वायरीला बांधा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

दोन्ही वायफायवर असले की प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: एकदा कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून प्लेअरकडे. हवा एकच, आणि एका वेळी एकानेच बोलायचं असा वायफायचा नियम. म्हणजे निम्मा वेळ तुमचं गाणं स्वतःच्याच वाटेत उभं असतं. कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडलात की हवेतला अर्धा प्रवास संपतो. हॉलमध्ये वायर नको होती, ती नाहीच. ही वायर आतल्या खोलीत टेबलामागे दोन हाताची. माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक या केबलने मिटल्या.

गाणं मधूनच तुटतं. काय करू?

आधी तुटतं किती ते नीट ऐका, आणि त्यासाठी गाणं लावू नका. नुसत्या तानपुऱ्याची तास-अर्ध्या तासाची फाईल लावा. तबला-पेटीच्या गर्दीत बारीक खंड लपून जातो. तानपुऱ्याच्या अखंड आसेत पाव सेकंदाची फटसुद्धा दातात खडा आल्यासारखी लागते. कागद-पेन घेऊन बसा आणि तुटलं की घड्याळातली वेळ लिहा. वेळेत बहुधा गुन्हेगार सापडतो.

आमच्याकडे तो रात्री पावणेनऊला सापडला. रोज त्याच सुमाराला तानपुरा दोनदा-तीनदा अडखळायचा. चार दिवस राउटरवर संशय घेतला. पाचव्या दिवशी आतून 'पानं घेतेय' अशी हाक आली, मायक्रोवेव्हची घरघर सुरू झाली आणि तानपुरा थांबला. टिंग वाजलं, तानपुरा सुरू. आमटी गरम होत होती! मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, वायफायचा जुना पट्टा २.४ चा, आणि आमचा ओव्हन नेमका राउटर-प्लेअरच्या रेषेत. प्लेअर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाकला आणि आमटी-तानपुरा दोन्ही सुखाने नांदू लागले.

पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीला भितो. पंचवटीत एका मित्राचा जुना वाडा आहे, काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती. राउटर ओसरीवर, स्पीकर माजघरात. फोनवर वायफायची एक काडी दिसायची, तीही दार उघडं असेल तर. त्याने आधी एक रिपीटर आणला. रिपीटर त्याच क्षीण आवाजाला पुन्हा हवेतच ओरडून सांगतो, म्हणून फरक पडला नाही. शेवटी छताच्या वाशाला लागून कॅट-६ ही लॅन केबल नेली आणि माजघरात दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेलं नेटवर्क वायफायने सोडणारा डबा, बसवला. आता तिथे चोवीस-एकशेब्याण्णवही बिनबोभाट चालतं. मेशचे, म्हणजे मिळून एकच वायफाय घरभर पसरवणारे, डबे घेणार असाल तरी ते एकमेकांना केबलने जोडता आले तर जोडा.

फ्लॅटवाल्यांचं दुखणं वेगळं. सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याला एखाद्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडली तर वीस नावं दिसतात. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. राउटर 'ऑटो'वर असेल तर त्यातला कमी गर्दीचा हाताने निवडा. राउटर फ्रिजवर, लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या खणात कोंबला असेल तर आधी तो बाहेर काढा. हा उपाय फुकट आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही.

आणखी एक. प्लेअरमध्ये बफर, म्हणजे पुढचं गाणं आगाऊ साठवायची जागा, मोठा ठेवायची सोय असेल तर ठेवा. नळाला पाणी सकाळी तासभर येतं पण गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ दिवसभर चालतो, तसंच हे. टाकी मोठी असेल तर वायफायने दोन सेकंद दांडी मारली तरी तुम्हाला पत्ता लागत नाही.

वायफायमुळे आवाजाची 'गोडी' कमी होते का?

नाही. तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. एकतर सगळे बिट पोचतात, नाहीतर गाणं थांबतं. मधली 'जरा फिकी' अवस्था नसते.

फोनच्या अ‍ॅपमध्ये प्लेअर दिसतच नाही. कालपर्यंत दिसत होता!

घरात राउटर किती आहेत, हे मोजा. इंटरनेटवाल्याने फायबरबरोबर दिलेला पांढरा डबा हाही राउटर असतो, आणि त्याला लावलेला तुमचा स्वतःचा दुसरा. दोन्ही वायफाय सोडतात. फोन एकावर आणि प्लेअर दुसऱ्यावर गेला की दोघं एकाच घरात राहून वेगळ्या गल्लीत असतात. पत्ते पाहिले तर कळेल: एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होतो, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने. ही उपकरणं एकमेकांना शोधताना आपल्या गल्लीपुरतीच हाक मारतात, ती राउटर ओलांडून जात नाही. उपाय: दोनपैकी एकाचं वायफाय बंद करा, किंवा आपल्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका.

हे ठीक असेल तर 'गेस्ट' नेटवर्क पाहा. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तोच तर त्याचा हेतू. शेवटी विंडोजचा फायरवॉल: अपडेटनंतर कधी कधी घरचं नेटवर्क 'पब्लिक' म्हणून धरलं जातं आणि सर्व्हरचं तोंड बंद होतं. ते 'प्रायव्हेट' करा.

विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे फट पडते. फार रसभंग होतो.

होणारच. मैफलीचं रेकॉर्डिंग सलग असतं, तुकडे आपण पाडलेले. बडा ख्याल संपून छोट्या ख्यालाचा मुखडा उचलतात तिथे पाऊण सेकंद शांतता आली तर सम डोक्यात वाजते, कानात नाही. प्लेअरने पुढची फाईल आधीच मागवून ठेवली तरच जोड सलग होतो. यूपीएनपीमध्ये पुढच्या गाण्याचा पत्ता आगाऊ सांगायची सोय आहे, पण ती ऐच्छिक आहे, त्यामुळे काही प्लेअर पाळतात, काही नाही. विकत घेण्याआधी 'गॅपलेस' चालतं का हे विचारा, आणि दुकानात नुसतं 'हो' ऐकू नका, लावून दाखवायला सांगा. लिरियनमध्ये फ्लॅकच्या फाईली सलग वाजतात. एमपी-थ्रीत मात्र फाईलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता त्या पद्धतीमुळेच चिकटते.

गाण्यांची नावं चौकोन-चौकोन किंवा अगम्य दिसतात.

दोन वेगळे रोग आहेत. चौकोन दिसले तर नाव बरोबर आहे, प्लेअरच्या पडद्याला देवनागरी येत नाही. फोनवर तेच नाव नीट दिसेल, काळजी नको. रोमन अक्षरांची खिचडी दिसत असेल तर नाव लिहितानाच युनिकोडपूर्व काळातला मराठी फॉन्ट वापरला होता. तो फॉन्ट नसेल तर अक्षरं उघडी पडतात. अशी नावं पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. फ्लॅकच्या नावांच्या नोंदी मुळातच युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे तिथे देवनागरी बिनधास्त लिहा.

तिसरा रोग मी स्वतः ओढवून घेतला होता. एकाच गायकाला कधी 'पं. भीमसेन जोशी', कधी 'पंडित भीमसेन जोशी', कधी नुसतं 'भीमसेन जोशी' लिहिलं. सर्व्हरच्या लेखी ते तीन गायक! त्याहून छुपा घोळ 'ऱ्ह', 'ऱ्य' सारख्या जोडाक्षरांचा. तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, दिसायला सारखाच, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने वेगळा. एका कीबोर्डने लिहिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर सापडत नाही. एमपी-थ्री-टॅग नावाच्या प्रोग्रॅममध्ये सगळं निवडून एकदाच बदललं. त्यात एक रविवार गेला.

विकत घेतलेली चोवीस-एकशेब्याण्णव फाईल खरी आहे की फुगवलेली?

स्पेक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात फाईल टाका. आवाजाचं रंगीत चित्र दिसतं, खाली खर्ज, वर तार. २२ किलोहर्ट्झला चित्र सुरीने कापल्यासारखं संपून वर काळोख असेल तर बहुधा सीडीचीच फाईल ताणलेली आहे. १६ ला कापलेलं असेल तर कमी दर्जाच्या एमपी-थ्रीचा संशय घ्या. वर नुसता सपाट धुरळा असेल तर तो बऱ्याचदा टेपचा खरखराट असतो, संगीत नाही.

काकांनी मैफलीत टेप केलेल्या कॅसेटी आहेत. त्या हाय-रेसमध्ये उतरवू?

उतरवा, लवकर उतरवा, आकड्यांच्या मागे मात्र लागू नका. साध्या कॅसेटचा पल्ला ५०-६० डेसिबलचा, म्हणजे १६ बिटलाही जागा उरते. मी २४ बिट ४८ किलोहर्ट्झ ठेवतो. २४ बिट यासाठी की रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवता येते. गायकाने अचानक तार षड्ज लावला तरी वर आपटत नाही. वेळ द्यायचाच असेल तर डेकचं डोकं (टेपला टेकणारं हेड) स्पिरिटने पुसण्यात आणि त्याचा कोन जुळवण्यात द्या. तो कोन जरा चुकला तर सगळ्या टिपऱ्या-झांजा गोधडीखालून वाजतात, आणि ते नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही.

हॉलमध्ये कोणता डबा ठेवू?

हात चालवायची हौस असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्यावर पायकोरप्लेअर किंवा मूड हे गाणं वाजवणारं सॉफ्टवेअर, आणि यूएसबीने जोडलेला डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा. पायच्या जुन्या मॉडेलांवरचं हेडफोनचं भोक अ‍ॅम्प्लिफायरला लावू नका, त्याचा दर्जा यथातथाच. हौस नसेल तर तयार स्ट्रीमर घ्या, यूपीएनपी आणि गॅपलेस दोन्ही पाहून.

आवाज फोनवरून कमी-जास्त करू की अ‍ॅम्प्लिफायरवरून?

अ‍ॅम्प्लिफायरवरून. डिजिटल आवाज दर ६ डेसिबल खाली आणला की एक बिट खर्ची पडतो. २४ बिटच्या डॅकला थोडाफार परवडतो, सोळाच्याला नाही.

कॉम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवायचा का? लाईट बिल कोण भरणार?

रास्त प्रश्न. डेस्कटॉप रिकामा बसून ५० वॅट खात असेल तर दिवसाला १.२ युनिट. त्याऐवजी सर्व्हर दुसऱ्या एका पायवर टाकून त्याला हार्ड डिस्क लावली तर काम बऱ्याच कमी विजेत भागतं. कॉम्प्युटरच वापरायचा असेल तर स्लीपची वेळ तपासा. 'बरोबर अर्ध्या तासाने गाणं बंद पडतं' अशी तक्रार आली की मी दुसरं काही विचारतच नाही.

पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा?

राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. पायला मात्र झटक्यात वीज तोडलेली आवडत नाही, त्यातलं मेमरी कार्ड बिघडू शकतं. पायकोरप्लेअर सगळं रॅममध्ये उचलून चालतो, त्यामुळे त्याला हे भय जवळजवळ नाही. जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात माझं एक कार्ड गेलं, तेव्हापासून मी त्यावरच आहे.

किती जागा लागेल?

तासाभराचं चोवीस-शहाण्णव फ्लॅकमध्ये साधारण सव्वा जीबी, सीडीचं तीनशे-चारशे एमबी. डिस्क घेताना दोन घ्या. दुसरी कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवू नका. महिन्यातून एकदा जोडायची, नवं ते उतरवायचं आणि काढून कपाटात ठेवायची. माझी दुसरी डिस्क नाशिक रोडला बहिणीकडे असते. दिवाळीत आणि राखीपौर्णिमेला बदलून आणतो.